नाडीच्या रेषेतून हृदय वाचणारा गावचा डॉक्टर : सर जेम्स मॅकेन्झी

स्कॉटलंडमधल्या स्कोन इथं १८५३ मध्ये एका शेतकरी कुटुंबात जेम्स मॅकेन्झी यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागले. पुढे एडिंबरो विद्यापीठातून १८७८ मध्ये डॉक्टर झाले आणि इंग्लंडमधल्या बर्नली या कापड गिरण्यांच्या गावात दवाखान्यात बसू लागले.

तिथं हृदयविकार असलेली एक तरुण गर्भवती बाळंतपणात त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली. कुठलं हृदय ताण सोसेल आणि कुठलं नाही, हे आपल्याला कळतच नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. तेव्हापासून ते एकाच रुग्णाची नाडी वर्षानुवर्षे टिपू लागले. त्यासाठी एका घड्याळजीच्या मदतीनं मनगटाची आणि मानेतल्या शिरेची नाडी एकाच वेळी शाईनं कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी बनवलं.

सांधेतापानं झडप अरुंद झालेली एक बाई १८८० पासून त्यांच्याकडे येत होती. १८९८ मध्ये तिची नाडी एकाएकी अनियमित झाली आणि मानेतल्या नाडीची एक लाट कागदावरून गायबच झाली. ती लाट हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची होती. वरचे कप्पे ताणून ताणून लुळे पडले असावेत, असं मॅकेन्झींना वाटलं. हा अंदाज पूर्ण बरोबर नव्हता, आणि पुढे त्यांनी तो स्वतःच बदलला. कप्पे लुळे नसतात, नुसते थरथरतात, हे १९०९ मध्ये थॉमस लुईस यांनी विद्युत आलेखावरून दाखवलं.

पण हृदयाच्या घडणीकडे बघण्याची त्यांची नजर वाया गेली नाही. थरथर टिकून राहिली, की कप्पे रुंदावतात, स्नायूत चिवट तंतू साठतात, विजेचे संदेश अडखळतात आणि आजार स्वतःच आपलं बस्तान बसवतो, हे आज पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच उपचार लवकर झालेले बरे.

१९१५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. स्वतः मात्र ते अनेक वर्षे छातीच्या दुखण्यानं बेजार होते. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्याच इच्छेनुसार सहकाऱ्यांनी त्यांचं हृदय तपासलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी टिपणाऱ्या या डॉक्टरनं शेवटी आपलं हृदयही अभ्यासाला दिलं.