राजा दीनदयाळ : काचेवर काळ उमटविणारा प्रवासी

राजा रविवर्मा यांचे नाव वऱ्हाडात कुणाला नवे नाही. त्यांच्या छापील लक्ष्मी-सरस्वती आपल्या पणजोबांच्या देवघरापर्यंत पोहोचल्या होत्या. त्याच काळात हिंदुस्थानात आणखी एक कलावंत ‘राजा’ म्हणून ओळखला गेला. त्यांच्या हाती कुंचला नव्हता, कॅमेरा होता. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. हैदराबादच्या निजामाने ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ असा किताब दिल्यावर ते राजा दीनदयाळ झाले.

कलेच्या इतिहासात त्यांचा उल्लेख दरबारी छायाचित्रकार म्हणून होतो. तो उल्लेख खरा असला तरी अपुरा आहे. दीनदयाळ हे आधी धंदेवाईक छायाचित्रकार होते. गिऱ्हाईक बोलावील तेथे जाणे, तंबू ठोकणे, काच तयार करणे आणि समोर जे असेल ते टिपणे हा त्यांचा व्यवसाय. किल्ला असो, लग्नाची मिरवणूक असो, वाघाची शिकार असो की दुष्काळ असो! अमरावती-अकोल्याच्या आपण विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे याला एक खास कारणही आहे. ज्या निजामाच्या पदरी ते होते, तोच कायद्याने वऱ्हाडचा धनी होता. आणि वऱ्हाड त्याच्या हातून कायमचे निसटले त्या दिवसांत दीनदयाळांचा कॅमेरा हैदराबादेत चालू होता.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. घराणे जवाहिऱ्यांचे. हिरे-मोती पारखण्याची नजर मुलाने वेगळ्याच कामाला लावली. रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ च्या सुमारास इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली. नकाशे काढणे आणि खर्चाचे अंदाज करणे हे त्यांचे काम. म्हणजे पुढे ज्या माणसाने राजवाड्यांची आणि मंदिरांची अजोड छायाचित्रे काढली, त्याने आधी इमारतींची मापे घेतली होती. त्यांच्या चित्रांत खांब सरळ उभे राहतात, घुमट तोलून धरलेले दिसतात, याचे मूळ या ड्रॉइंगबोर्डापाशी आहे असे मला वाटते.

इंदूर हे होळकरांचे राज्य. तेथेच १८७४ च्या सुमारास दीनदयाळांनी छायाचित्रणाला हात घातला. आरंभी तो केवळ छंद होता. पण दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे ब्रिटिश एजंट सर हेन्री डॅली या दोघांनी त्यांना उत्तेजन दिले. डॅलीसाहेबांच्या दौऱ्यात कॅमेरा घेऊन जाण्याची संधी मिळाली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांचीही छायाचित्रे दीनदयाळांनी घेतली. कचेरीतला एक नकाशानवीस पाहता पाहता राजपुत्रासमोर तिपाई उभी करू लागला.

त्या काळी बाहेर जाऊन छायाचित्र घेणे म्हणजे काय दिव्य होते, हे आज खिशातून मोबाइल काढून क्षणात चित्र घेणाऱ्या आपल्याला सहज कळणार नाही. तेव्हा ‘ओल्या काचे’ची पद्धत होती. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी चित्र घेऊन लगेच धुऊन काढायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. म्हणून जेथे चित्र घ्यायचे तेथेच काळोखी तंबू ठोकावा लागे. चित्र मोठे करण्याची सोय सहसा नसे. जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच आणि तिला साजेसा भला थोरला कॅमेरा. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तंबू, तिपाई आणि पाणी असे सगळे बिऱ्हाड बैलगाडीवर घालून न्यायचे. वैशाखातल्या उन्हात तंबूच्या आत काय उकाडा होत असेल, हे वऱ्हाडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. द्रव लवकर सुके, धुळीचा कण काचेवर बसे आणि गाडीच्या एका हिसक्याने दिवसाचे श्रम फुटून जात. पुढे १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम काहीसे सोपे झाले. तरी काचेचे वजन आणि फुटण्याची भीती गेली नव्हती.

असे बिऱ्हाड घेऊन दीनदयाळ १८८२ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानात हिंडले. डॅली यांच्यानंतर एजंट म्हणून आलेल्या ग्रिफिनना प्राचीन वास्तूंची आवड होती. ग्वाल्हेरचा किल्ला, खजुराहोची मंदिरे, सांचीचा स्तूप यांची दीनदयाळांनी घेतलेली छायाचित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ साली निघालेल्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात आली. खजुराहो तेव्हा आजच्यासारखे गजबजलेले नव्हते. त्या वास्तूंची आजच्या दुरुस्त्यांपूर्वीची अवस्था पाहायची तर अभ्यासकाला या चित्रांकडे वळावे लागते.

नाव झाले तशी नोकरी अडचणीची वाटू लागली. आधी लांब रजा आणि मग निरोप, अशा क्रमाने दीनदयाळांनी सरकारी चाकरी सोडली. निवृत्तिवेतनाची खात्री असलेला मार्ग सोडून ज्या धंद्याची कुणाला हमी नव्हती त्यात उडी घेणे हे धाडसच होते. व्हाइसरॉयांची नेमणूकपत्रे मिळाली, व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रे झळकली. पण खरा आश्रय मिळाला तो सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा. सिकंदराबादेस मोठा स्टुडिओ उघडला, १८९६ मध्ये मुंबईतही शाखा निघाली. ग्यानचंद आणि धरमचंद हे दोघे मुलगेही हाताशी आले. हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी स्वतंत्र ‘जनाना’ स्टुडिओ काढला आणि तेथील काम केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपविले. ज्या स्त्रियांचा चेहरा परपुरुषाने पाहायचा नाही त्यांनाही आपले चित्र असावेसे वाटते, हे त्यांनी ओळखले. यात धंद्याची हुशारी आहे, तसाच माणसाच्या मनाचा अदबशीर विचारही आहे. निजामाने तर या चित्रकारावर एक शेर रचला असे सांगतात.

आता आपल्या भागाकडे वळू. १८५३ च्या तहान्वये निजामाने कंपनी सरकारच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले होते. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा आणि देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची अशी ती तिहेरी व्यवस्था होती. अमरावती, अकोला, खामगाव येथला कापूस आगगाडीने मुंबईला जाई, पण वऱ्हाडचे भवितव्य ठरे ते हैदराबाद आणि कलकत्ता यांच्यामध्ये. दीनदयाळ निजामाच्या मुलखात फिरले. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा बीबी का मकबरा ही त्यांनी टिपली. आपल्या बुलढाण्याच्या घाटाखाली-घाटावर उभे राहिले की दक्षिणेला जो मुलूख लागतो, तोच हा.

याच मुलखात त्यांच्या पेढीला एक निराळे काम आले. १८९९ साली पावसाने दगा दिला. विक्रम संवत १९५६ चे ते साल, म्हणून उत्तरेकडे तो दुष्काळ ‘छप्पनिया’ या नावाने ओळखला जातो. वऱ्हाडही त्यात होरपळले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत दोन दुष्काळ झाले, वस्ती वाढायची ती लाखाच्या वर घटली. औरंगाबादकडच्या दुष्काळी कामांची छायाचित्रे १८९९-१९०० मध्ये दीनदयाळांच्या पेढीने घेतली. निजाम सरकार प्रजेसाठी काय करीत आहे हे वरिष्ठांना दाखविणे, हा अशा चित्रांचा हेतू. पण त्यातल्या एका चित्रात कॅमेऱ्यासमोर आणलेली माणसे आहेत. फासळ्या मोजता येतील अशी अंगे, काटक्यांसारखे हातपाय, आणि भिंगाकडे लागलेले डोळे. चित्राखालच्या इंग्रजी ओळीत त्यांना कृशतेचे नमुने म्हटले आहे. नमुने! आपल्या वार्षिकांकात समूहचित्राखाली ‘बसलेले, डावीकडून’ असे म्हणून प्रत्येकाचे नाव छापतात. दीनदयाळांच्या दरबारी चित्रांखालीही नवाबांची आणि साहेबांची नावे किताबांसह असतात. येथे मात्र एकही नाव नाही. ही माणसे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडची. डोंगराच्या या बाजूच्या आपल्या पूर्वजांची त्या वर्षीची स्थिती काही फार वेगळी नव्हती. आपल्यापैकी किती घरांत त्या पिढीचे एखादे तरी छायाचित्र असेल? या निनावी चेहऱ्यांत आपण त्यांना पाहावे, इतकेच हाती आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०२ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबादेस आले. दीनदयाळांच्या पेढीने त्या भेटीचा संपूर्ण चित्रसंग्रह केला. स्वागत, मेजवान्या, राजवाडे आणि वारंगळकडील नेकोंड्याच्या रानातली शिकार. मारलेल्या वाघापाशी लॉर्ड आणि लेडी कर्झन उभे आहेत, हे त्यातले चित्र फारच प्रसिद्ध आहे. पण कर्झनसाहेब केवळ वाघासाठी आले नव्हते. ३० मार्च रोजी त्यांची आणि निजामाची भेट झाली आणि तीत वऱ्हाडचा प्रश्न निघाला. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार होऊन सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले. निजामाला त्यानंतर जी.सी.बी. हा किताब मिळाला. त्या तीन अक्षरांची फोड ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकले, अशी करून लोक हसले.

वाघाच्या चित्राकडे आता पुन्हा पाहावे. त्यात वऱ्हाड कोठेही नाही. ज्या बोलण्याने लाखो शेतकऱ्यांचा धनी ठरला ते बंद दाराआड झाले, आणि छायाचित्रकाराला बोलावणे होते ते समारंभाचे. दीनदयाळांना यासाठी दोष द्यावा काय? काही विचारवंत म्हणतील की या माणसाने सत्ताधाऱ्यांचे वैभव सजविले आणि त्याचे दाम घेतले. हा आक्षेप पोकळ नाही. धंदेवाईक छायाचित्रकार गिऱ्हाईक दाखवील तेच बहुधा टिपतो. परंतु भिंगाला खुशामत पुरती साधत नाही. राजपुरुषासाठी तिपाई लावली तरी कडेचा पंखेवाला, घोड्याचा लगाम धरलेला मोतद्दार, हाकेवाले हेही काचेवर उमटतात. दुष्काळाचे चित्र अहवालासाठी मागविले गेले, पण आज आपण ते अहवाल म्हणून पाहत नाही. त्या चेहऱ्यांनी अहवालाला मागे टाकले आहे. ती छायाचित्रे कर्झन यांच्या संग्रहातून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वाघाचे चित्र आणि भुकेल्यांचे चित्र एकाच पेढीने काढले आणि दोन्ही एकाच धन्याकडे गेली, यातच त्या राजवटीचा सारा इतिहास आला. दीनदयाळांनी तो लिहिला नाही. त्यांनी तो आपल्यापुढे ठेवला.

१९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रे हे पेढीचे अखेरच्या मोठ्या कामांपैकी एक. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला आणि १९०५ च्या जुलैमध्ये स्वतः दीनदयाळ गेले. आश्रयदाता निजामही १९११ मध्ये निवर्तला आणि पेढीचे ते वैभव पुन्हा आले नाही. काचा मात्र राहिल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २८५७ काचा मिळविल्या आणि २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

बैलगाडीच्या हिसक्यांतून, उन्हाच्या तापातून आणि शंभर वर्षांच्या हेळसांडीतून इतक्या काचा वाचल्या हे नवल आहे. इतिहासाच्या आणि कलेच्या विद्यार्थ्यांनी त्या पाहाव्यात. पाहताना मात्र मधल्या खुर्चीवरच्या माणसावर नजर थांबवू नये. कडेला उभे असलेले, नाव नसलेले लोक शोधावेत. वऱ्हाडचा इतिहास त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारावा लागेल.