उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाताना कराड मागे पडले की शेणोली, भवानीनगर, ताकारी अशी स्थानके येतात आणि त्यानंतर किर्लोस्करवाडीची पाटी दिसते. स्थानकांना सहसा गावांची नावे असतात, कधी देवदेवतांची, कधी राजांची. येथे मात्र एका कारखान्यामुळे वसलेल्या वाडीचे, आणि पर्यायाने एका कुटुंबाचे, नाव स्थानकाला मिळाले आहे. पूर्वी हे स्थानक कुंडल रोड म्हणून ओळखले जाई आणि त्याच्या आसपास निवडुंगाने भरलेल्या माळाशिवाय काही नव्हते.

आपल्या वाचकांपैकी शेतकरी कुटुंबांत वाढलेल्यांना किर्लोस्कर हे नाव विहिरीवरच्या पंपामुळे परिचित असेल. त्या नावामागचा माणूस मात्र हळूहळू विस्मरणात जात आहे. राष्ट्र स्वतंत्र होण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी आपल्या कामाने त्याची पायाभरणी केली, त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही ह्याच गावचे. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटक आणि नांगर दोन्ही दिले, हे नमूद करण्यासारखे आहे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार होते. मुलाचे मन मात्र पोथीत रमत नव्हते, ते चित्रांत आणि यंत्रांत गुंतलेले असे. वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या आयुष्यातला पहिला मोठा धक्का त्यांची वाट पाहत होता. काही रंग त्यांना ओळखू येत नाहीत, हे लक्षात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न घेऊन आलेल्या तरुणाला रंगांधळेपणाचे निदान व्हावे, ह्याहून मोठी निराशा कोणती? रंग गेले, पण रेषा हातात राहिली होती. त्यांनी यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास केला आणि त्या वेळी नव्यानेच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. वर्गात शिकवून झाले की ते कार्यशाळेत जात आणि यंत्रे स्वतःच्या हातांनी उघडून, जोडून पाहत. पुढे आयुष्यभर उपयोगी पडलेले शिक्षण त्यांना तेथेच मिळाले.

त्याच सुमारास सायकल ही नवलाईची वस्तू होती. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. त्या रस्त्याला आज किर्लोस्कर रोड असे नाव आहे. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. गुणांना जागा नाही, जन्माला आहे, असा अनुभव परक्या राज्यात असंख्य हिंदी लोकांना येत होता. बहुतेकजण तो गिळून कामावर परत जात.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना उभारला. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला, आणि येथे थोडे थांबले पाहिजे.

आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन फोडतो, पण ती उलटीपालटी करीत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा ह्यांची मुळे खोलवर गेलेली असतात. ती निघत नाहीत तोवर पिकाला जोर येत नाही. लाकडी नांगराने खोल नांगरट करायची तर बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि त्या गरिबाकडे कोठून येणार? लोखंडी नांगर माती उचलून पालथी करतो, मुळे उन्हात पडून वाळतात. असे नांगर विलायतेहून येत असत. लक्ष्मणरावांनी त्यांचा अभ्यास करून आपल्या मातीला आणि आपल्या बैलांना मानवेल असा नांगर घडवला.

तो कोणी घेईना! लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. ह्या समजुतीला आपण आज हसू शकतो, पण ज्याच्या घरात एका हंगामाच्या चुकीने उपासमार येते, तो माणूस नव्या वस्तूकडे संशयाने पाहणारच. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. फाळ झिजू नये, मोडू नये, सुटा भाग शेतकऱ्याला स्वतः बदलता यावा, ह्यासाठी ते सुधारणा करीत राहिले. १९०५ नंतर स्वदेशीची चळवळ देशभर पसरली आणि तिचा लाभ त्यांना झाला, हे खरे. परंतु स्वदेशी म्हणून घेतलेला नांगर पहिल्याच तासाला मोडला असता तर शेतकऱ्याने दुसऱ्या वेळी विलायतीच घेतला असता. देशप्रेमाच्या नावावर कमअस्सल माल खपवण्याचा मोह अनेकांना होतो. लक्ष्मणरावांना तो झाला नाही, आणि माझ्या मते त्यांच्या राष्ट्रसेवेचे मर्म येथेच आहे.

कारखाना जम धरीत असतानाच बेळगाव नगरपालिकेला त्या जागेची गरज भासली आणि तेथून हलणे भाग पडले. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभागृहाचे बांधकाम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचे आणि चित्रकलेचे भोक्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांना माणसांचीही पारख होती. त्यांनी आपल्या संस्थानातील कुंडलजवळची बत्तीस एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज लक्ष्मणरावांना देऊ केले. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. कुंडलचा परिसर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे ह्या कथेवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे.

मार्च १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, पिण्याचे पाणी शोधायचे, आणि त्याच वेळी भट्टी पेटवून नांगर ओतायचे! जमशेटजी टाटांनी पाहिलेले पोलादनगरीचे स्वप्न त्याच काळात साकची येथे आकार घेत होते. तेथे मोठे भांडवल होते, परदेशी तज्ज्ञ होते. येथे होता एक मास्तर, त्याचा भाऊ आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी काही माणसे. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली, राधाबाईंनी ह्या रानात आपला संसार मांडला. शंभूराव जांभेकर यंत्रांकडे पाहू लागले, मंगेशराव रेगे हिशेब ठेवू लागले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती, पण तेच पुढे कल्पक अभियंता म्हणून नावाजले गेले.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम होता. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली, आणि ती भरवशाची ठरली. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला साधे हमालीचे काम मिळवून देणे किती अवघड असते, हे आम्हा धर्मगुरूंना चांगले ठाऊक आहे. त्याच्या हाती किल्ल्या देणारा मालक मला तरी आजवर भेटलेला नाही.

पहिल्या महायुद्धात विलायती माल येणे थांबले. नांगरांची मागणी वाढली, पण कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती ह्यांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. बायबलच्या वाचकांना येथे यशया संदेष्ट्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव ह्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी मनाची मशागत करणारी मासिके निघावीत, हा योग विरळा होय. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. पंप, उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे अशी कामे वाढत गेली. हरिहर, पुणे आणि बंगळूर येथील कारखाने ही पुढच्या पिढीची कथा आहे. स्वतः लक्ष्मणराव १९३५-३६ मध्ये औंधचे दिवाण होते आणि त्या काळात त्यांनी गावचे पाणी, रस्ते आणि शाळा ह्यांकडे लक्ष दिले. तिकडे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर ह्यांनीही नांगरांचा कारखाना काढला होता. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले मुख्यमंत्री झाले. नांगर घडवणारे दोघे अशा रीतीने राज्यकारभारातही उतरले.

स्वातंत्र्याची लढाई वाडीपासून दूर नव्हती. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात किर्लोस्कर कारखान्यातील तरुण अभियंता उमाशंकर पंड्या हुतात्मा झाले. १९४३ पासून शेजारचे कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र बनले. जवळजवळ असलेल्या ह्या दोन गावांपैकी एकाने परक्या सत्तेचे राज्य नाकारले, दुसऱ्याने परक्या मालाची गरज.

आणि मग ३० जानेवारी १९४८ हा दिवस उजाडला. गांधीजींची हत्या झाली, मारेकरी ब्राह्मण असल्याचे कळले आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. देश स्वतंत्र होऊन सहा महिने पुरते झाले नव्हते. ज्या माळावर अठ्ठावीस वर्षे नव्हे, अडतीस वर्षे जात न पाहता माणसे कामाला लावली, त्याच माळावर जातीच्या नावाने आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ह्या घटनेविषयी आपल्या भागात आजही मोकळेपणाने बोलले जात नाही. एका माणसाच्या अपराधासाठी संपूर्ण समाजाला शिक्षा देणे हा अन्यायच होता, आणि जळालेल्या कारखान्याबरोबर त्यात काम करणाऱ्या सर्व जातींच्या कामगारांची रोजीरोटीही धोक्यात आली होती.

कारखाना तेथून हलवला गेला नाही. राख उपसली गेली, यंत्रे दुरुस्त झाली आणि त्याच जागी पुन्हा काम सुरू झाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात आजही पंप तयार होतात.