आंतोनी फान लेव्हेनहूक

आंतोनी फान लेव्हेनहूक (जन्म: २४ ऑक्टोबर, १६३२, मृत्यू: २६ ऑगस्ट, १७२३) हे नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील कापडव्यापारी व सूक्ष्मदर्शकाद्वारे संशोधन करणारे निरीक्षक होते. एकपेशीय जीव व जिवाणू यांचे पहिले निरीक्षण त्यांच्या नावावर असून त्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे जनक मानले जाते. सूक्ष्मदर्शकाचा शोधही त्यांचाच, हा समज मात्र चुकीचा आहे; दोन भिंगांचा संयुक्त सूक्ष्मदर्शक त्यांच्या जन्मापूर्वीच तयार झाला होता.

जीवन

लेव्हेनहूक यांचे वडील टोपल्या विणत असत. आंतोनी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. सोळाव्या वर्षी आंतोनी यांनी ॲम्स्टरडॅम येथील कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारी केली व १६५४ मध्ये डेल्फ्टला परतून स्वतःचे दुकान थाटले. १६६० पासून नगरपालिकेच्या नोकरीमुळे त्यांना कायमचे उत्पन्न मिळू लागले. पाच अपत्यांपैकी मारिया ही एकच कन्या जगली. विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळाले नव्हते आणि डचखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. विद्वानांचा व्यवहार लॅटिनमध्ये चालण्याच्या त्या काळात ही उणीव लहान नव्हती.

निरीक्षणे

पितळ वा चांदीच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये बसवलेले एकच इवलेसे भिंग, असे त्यांच्या उपकरणाचे स्वरूप होते. नमुना सुईच्या टोकावर ठेवून, स्क्रूने पुढेमागे सरकवून, उपकरण डोळ्याला जवळजवळ टेकवून उजेडाकडे पाहावे लागे. डेल्फ्टमधील वैद्य रेनियर दे ग्राफ यांनी १६७३ मध्ये त्यांची ओळख लंडनच्या रॉयल सोसायटीशी करून दिली. पुढे सुमारे पन्नास वर्षे ते सोसायटीला पत्रांतून निरीक्षणे कळवीत राहिले. मिरी तिखट का लागते, हे शोधण्यासाठी त्यांनी ती पाण्यात भिजत ठेवली होती. १६७६ मध्ये त्या पाण्यात असंख्य हालते जीव आढळले. वाळूच्या कणाशी तुलना करून त्यांनी त्यांचा आकार अंदाजला.

या वृत्तांतावर लंडनमध्ये सहज विश्वास बसला नाही. आज शाळेत डिजिटल सूक्ष्मदर्शकाचे दृश्य सारा वर्ग पडद्यावर एकदम पाहू शकतो. लेव्हेनहूक यांच्या उपकरणातून एका वेळी एकाच डोळ्याला दिसे. शिवाय आपली सर्वोत्तम भिंगे व ती बनवण्याची रीत ते कोणालाही सांगत नसत. अखेर त्यांनी धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठित व्यक्तींना ते जीव दाखवून त्यांच्या लेखी साक्षी लंडनला धाडल्या. रॉबर्ट हूक यांना सुरुवातीला अपयश आले, परंतु नोव्हेंबर १६७७ मध्ये त्यांनी सोसायटीच्या सभेत हे जीव दाखवले आणि शंका मिटली. त्याच वर्षी लेव्हेनहूक यांनी शुक्राणूंचे, तर १६८३ मध्ये दातांवरील किटणातील जिवाणूंचे वर्णन कळवले. १६८० मध्ये ते सोसायटीचे सदस्य झाले.

उपकरणांचे पुढे काय झाले

त्यांनी ५०० हून अधिक भिंगे बनवली. सोसायटीला मृत्युपत्राने दिलेले चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक एकोणिसाव्या शतकात गहाळ झाले. मोजकेच सूक्ष्मदर्शक आज उपलब्ध आहेत. उट्रेख्त येथील एक वस्तूची प्रतिमा सुमारे २७० पट मोठी दाखवतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो न उघडता न्यूट्रॉनच्या साहाय्याने तपासण्यात आला. त्याचे भिंग घासून केलेले नसून वितळलेल्या काचेचा मणी असल्याचे आढळले. ही रीत हूक यांनी १६६५ मध्येच आपल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात छापली होती. शाळांमध्ये वापरला जाणारा, मनु प्रकाश व सहकाऱ्यांनी तयार केलेला कागदी घडीचा फोल्डस्कोपही अशाच एका बारीक गोल भिंगावर चालतो.