विश्लेषण : ‘पेन क्लिनिक’ची कल्पना रुजवणारा कुस्तीगीर! कोण होते डॉ. जॉन बोनिका?

पाठदुखी महिनोन्महिने थांबली नाही, की आज अनेकांना ‘पेन क्लिनिक’मध्ये पाठवले जाते. वेदनेवर स्वतंत्र उपचार हवेत, हे जगाला पटवून देणारे डॉक्टर एकेकाळी कुस्तीगीर होते.

कुस्ती कशासाठी?

बोनिकांचा जन्म १९१७ मध्ये सिसिलीजवळच्या फिलिकुडी या इटालियन बेटावर झाला. ते दहा वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडील लवकर गेले. जॉन यांनी बूटपॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली आणि व्यावसायिक कुस्त्या खेळून वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवला. लष्करात डॉक्टर झाल्यावरही ते मुखवटा घालून ‘मास्क्ड मार्व्हल’ नावाने लढत.

वेदनेकडे कसे वळले?

१९४४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयाचा भूल विभाग त्यांच्याकडे आला. तिथल्या अनेक सैनिकांच्या जखमा भरल्या होत्या, दुखणे मात्र कायम होते. एकट्या भूलतज्ज्ञाला ते उलगडेना. मग त्यांनी अस्थिरोग, मेंदू आणि मनोविकार तज्ज्ञांशी एकत्र चर्चा सुरू केली. पेन क्लिनिकचे बीज हेच. कुस्तीतल्या दुखापतींमुळे ते स्वतःही वर्षानुवर्षे वेदना सोसत होते.

पुढे काय घडले?

१९५३ मध्ये त्यांचा ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा ग्रंथ आला. १९७३ मध्ये सिएटलजवळ त्यांनी बोलावलेल्या परिषदेतून वेदना अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयएएसपी’ उभी राहिली. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

जखम भरल्यावरही दुखत असेल, तर ते रुग्णाच्या मनाचे खेळ नव्हेत. तोही आजारच, हा त्यांचा धडा आजही लागू आहे.