हाफकिन आणि लशीची एक बाटली

मुंबईत प्लेगचे थैमान सुरू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांचे पद गेले. मात्र इतर शास्त्रज्ञांनी पुरावे पुन्हा तपासले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आदींनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली. हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.