नारायण सुब्बाराव हर्डीकर

डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर (जन्म : धारवाड, ७ मे १८८९, मृत्यू : २६ ऑगस्ट १९७५) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, वैद्यक आणि हिंदुस्थानी सेवा दल या स्वयंसेवक संघटनेचे संस्थापक होते. हीच संघटना पुढे काँग्रेस सेवा दल म्हणून ओळखली गेली. उत्साही तरुणांच्या विस्कळीत जमावाला शिस्तबद्ध, निःशस्त्र स्वयंसेवक दलाचे रूप देणे, हे त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य होते.

शिक्षण आणि अमेरिकेतील वास्तव्य

हर्डीकर यांचे वैद्यकीय शिक्षण कलकत्त्यात झाले. १९१३ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले व मिशिगन विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर पदवी मिळवली. तेथे त्यांचा लाला लजपतराय यांच्याशी निकटचा संबंध आला. लजपतराय यांनी १९१७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये इंडिया होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा हर्डीकर तिचे एक प्रमुख कार्यकर्ते झाले. परक्या देशात सभासद मिळवणे, व्याख्यानांचे दौरे आखणे आणि प्रचारपत्रे पोहोचवणे या कामातून त्यांना संघटनेचा पहिला अनुभव मिळाला. १९२१ च्या सुमारास ते भारतात परतले आणि असहकार चळवळीत सहभागी झाले. हुबळी हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले.

झेंडा सत्याग्रह

१९२३ मध्ये नागपूर येथे राष्ट्रीय झेंडा मिरवण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज व पुढे वल्लभभाई पटेल यांनी त्याचे नेतृत्व केले. हर्डीकर यांनी हुबळी सेवा मंडळाच्या स्वयंसेवकांसह त्यात भाग घेतला. तुरुंगात माफीनामा लिहून देणाऱ्यांची सुटका होत असे व अनेकांनी तो मार्ग पत्करला. हुबळीच्या स्वयंसेवकांनी मात्र माफी मागण्यास नकार दिला. केवळ उत्साह तुरुंगात टिकत नाही, त्यासाठी पूर्वतयारी लागते, ही गोष्ट या प्रसंगाने काँग्रेसच्या नेत्यांच्या लक्षात आली.

हिंदुस्थानी सेवा दल

डिसेंबर १९२३ मध्ये मौलाना मोहम्मद अली यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काकीनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली. जवाहरलाल नेहरू पहिले अध्यक्ष झाले. प्रत्यक्ष कारभार हर्डीकर यांच्याकडे आला.

या कल्पनेला काँग्रेसमधूनच मोठा विरोध झाला. कवायत व गणवेश यांमुळे अहिंसेच्या तत्त्वाला बाध येईल, असे काहींचे मत होते. शिस्तबद्ध दल उभे राहिले तर ते उद्या निवडून आलेल्या समित्यांना जुमानणार नाही, अशी भीती इतरांना वाटत होती. त्यामुळे दल वाढवताना हर्डीकर यांना सरकारी रोषाबरोबरच स्वकीयांच्या संशयालाही तोंड द्यावे लागले.

दलाच्या शिबिरांत खादीचा गणवेश, कवायत, व्यायाम, प्रथमोपचार, गर्दीचे नियमन आणि छावणीची स्वच्छता यांना महत्त्व होते. आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या हर्डीकर यांच्या दृष्टीने स्वच्छता हा शिस्तीचाच भाग होता. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन करण्याची प्रथा दलाने रूढ केली. दलाच्या प्रचारासाठी हर्डीकर 'व्हॉलंटियर' हे इंग्रजी मासिक चालवत.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली बेळगाव येथे अधिवेशन भरले. तेथील स्वयंसेवकांची व्यवस्था ही दलाची पहिली मोठी परीक्षा होती. उमाबाई कुंदापूर यांनी १५० हून अधिक स्त्री-स्वयंसेविका या अधिवेशनासाठी जमवल्या. त्यांत विधवांचाही समावेश होता. स्त्रिया घराबाहेर पडून सार्वजनिक काम करत नसत अशा काळात ही बाब लक्षणीय होती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनीही दलाच्या स्त्री शाखेचे काम केले.

विलीनीकरण आणि बंदी

१९३० च्या सविनय कायदेभंगात दलाने नवे स्वयंसेवक नोंदवले आणि निरोधने संघटित केली. या कामगिरीनंतर १९३१ मध्ये काँग्रेसने दलाला आपली मध्यवर्ती स्वयंसेवक संघटना म्हणून सामावून घेतले. त्यामुळे दलाला मान्यता मिळाली, पण त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. १९३२ मध्ये सरकारने काँग्रेसबरोबर दलावरही बंदी घातली. १९३४ मध्ये काँग्रेसवरील बंदी उठली. हिंदुस्थानी सेवा दलावरील बंदी मात्र कायम राहिली. जवळजवळ दहा वर्षांच्या परिश्रमातून उभारलेली यंत्रणा अशा रीतीने खंडित झाली.

महाराष्ट्रात १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. ते स्वतंत्र वळणाने वाढले. तरी शिस्त आणि सेवा यांची सांगड घालण्याचा विचार दोन्ही दलांत समान होता.

उत्तरायुष्य आणि सन्मान

बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभा येथील कर्नाटक आरोग्यधाम या संस्थेच्या संस्थापकांपैकी हर्डीकर एक होते. १९५२ ते १९६२ या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.