कामटीवरच्या खाचांनी जंगल मोजणारे ब्रँडिस

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलात कोणत्या कुपात किती सागवान तोडायचे, हे वन विभागाच्या कार्य आयोजनेनुसार ठरते. तोडीला मोजणीचा आधार हवा, हा दंडक भारतात रुजविणाऱ्यांत अग्रणी होते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी बॉन येथे झाला. तेथील विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच त्यांची लॉर्ड डलहौसींनी निवड केली आणि १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांचा कारभार त्यांच्याकडे आला. लाकडाचे व्यापारी तोडीसाठी उतावीळ होते. परंतु जंगलात साग किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रत्येक झाड मोजणे अशक्यच होते. ब्रँडिस हत्तीवरून जंगल पालथे घालू लागले. घेरानुसार सागाचे चार वर्ग आणि प्रत्येक वर्गासाठी हातात बांबूची एक कामटी. झाड दिसले की तिच्यावर चाकूने एक खाच. पाहिलेल्या पट्ट्यातील झाडांवरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधला जाई. लहान झाडे पक्व होण्यास किती वर्षे लागतील, याचा हिशेब करून वार्षिक तोडीची मर्यादा ठरे. अर्थात, वाट सोयीची निवडली, तर नमुना एकांगी होतो. म्हणूनच पुढे नकाशावर जाळे आखून नमुना भूखंड निवडण्याची पद्धत आली.

ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. मध्य भारतातील वृक्षांचाही परिचय करून देणारा त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. डेहराडूनची वनशाळा १८७८ मध्ये सुरू झाली. त्यांनी १८८३ मध्ये सेवा सोडली. २८ मे १९०७ रोजी बॉन येथेच त्यांचे निधन झाले.

गावांना स्वतःची वने असावीत, असेही त्यांचे मत होते. १८७८ च्या वन कायद्यात गाववनांची तरतूद झाली खरी, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. झाडांची गणती झाली. त्या झाडांवर जगणाऱ्यांचा हक्क हिशेबाबाहेर राहिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळण्यास २००९ साल उजाडावे लागले. ब्रँडिस यांची मोजणी सरकारने तत्काळ स्वीकारली. त्यांचा हा दुसरा विचार मात्र शतकाहून अधिक काळ वाट पाहत राहिला.